आत्तींचा प्रवास विमा

"वहिनी, चौदाव्या प्रश्नाला 'नाही' टाक आणि मोकळी हो की गं!"

माझी नणंद तेजश्री मेलबर्नहून फोनच्या पडद्यावर ओरडत होती. तिला नववा महिना लागला होता, पाय सुजले होते, आणि त्या महिन्यातल्या तिच्या सगळ्या चिडचिडीची धनीण मी होते. इकडे सांगलीत सकाळचे साडेआठ वाजलेले, कुकरची दुसरी शिट्टी झालेली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा आणि त्यावर आत्तींच्या प्रवास विम्याचा अर्ज. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मामा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

चौदावा प्रश्न तसा साधा होता. प्रवाशाला आधीपासून कोणता आजार आहे का, कोणतं औषध चालू आहे का? हो किंवा नाही.

"टाकते," मी म्हटलं. "आत्तींना एकदा विचारते आणि टाकते."

"त्यात काय विचारायचंय? आईला साधी सर्दी होत नाही. आजारी होते ते आण्णा!"

खोटं नव्हतं ते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी आत्तींना एक दिवस अंथरुणात बघितलं नव्हतं. पहाटे उठायच्या, बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन यायच्या, कपभर चहावर दुपारपर्यंत कामं रेटायच्या. आजारी होते ते मामा, पोरांचे आण्णा. साखर कारखान्यात फिटर होते ते, आणि त्यांच्या उशाशी गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा कायम असायचा. 'आण्णांच्या गोळ्या' हा शब्द माझा नवरा आणि नणंद लहानपणापासून ऐकत आले होते. मामा अर्धांगाच्या झटक्यानं गेले तेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं, तर गोळ्यांचा अंशसुद्धा सापडला नाही. तेव्हापासून आमच्या घरात एकच वाक्य ठरलेलं होतं: आण्णा हट्टी होते, गोळ्या चुकवायचे, म्हणून हातचे गेले. माझा नवरा श्रेणिक हे इतक्या कडवट तोंडानं म्हणायचा की मी विषयच बदलायची.

तर चार फेब्रुवारीचं तिकीट होतं. तेजूचं पहिलं बाळंतपण, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याला जेमतेम आठवडाभर रजा. आईनं जायलाच हवं होतं. आत्तींनी तर दिवाळीपासूनच तयारी मांडली होती. जुन्या मऊ लुगड्यांच्या चार वाकळा शिवल्या, दुपटी शिवली, झबली शिवली. डिंकाचे लाडू विमानतळावर फेकून देतात असं कुणीतरी सांगितलं, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आजवर पुण्याच्या पलीकडे न गेलेली ही बाई भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज एक दिवस खोडत होती.

आणि घोडं अडलं होतं विम्यापाशी.

मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात होते. फॉर्म भरणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून हे काम साहजिकच माझ्या गळ्यात. श्रेणिक म्हणाला, "कुठलाही घे गं, सगळे सारखेच असतात," आणि हात झटकून आपल्या दुकानाला गेला. तेजूनं एक लिंक पाठवली, सगळ्यात स्वस्त. आमचे नेहमीचे एजंट बिरनाळे घरी आले, चहा प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली आणि दुसरीच एक योजना गळ्यात मारायला लागले.

"हे बघा वहिनी, यात सामान हरवलं तर भरपाई, विमान चुकलं तर हॉटेल, पासपोर्ट हरवला तर..."

"आणि माणूस आजारी पडलं तर?"

"तेपण आहे की."

"आधीचा आजार उपटला तर?"

बिरनाळ्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "आता काकूंना आजार आहे कुठं? आणि असला तरी लिहायचा कशाला? सगळे 'नाही'च लिहितात. माझी वीस वर्षं गेली यात."

"आणि तिथं काही झालं, आणि कंपनीनं जुने कागद मागितले तर?"

"तुम्ही फार वाचता वहिनी," ते हसून म्हणाले.

मी वाचतेच. मला वाचायची सवय आहे आणि तेव्हा माझं डोकं त्यामुळेच फिरलं होतं. तीन योजना मी शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर शेजारी शेजारी लिहून काढल्या होत्या. तेजूच्या योजनेत आधीच्या आजाराचं नावच नव्हतं. बिरनाळ्यांच्या योजनेत होतं, पण अकराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, 'मिळणार नाही' म्हणून. तिसरी एक होती, ज्येष्ठांसाठीची, जराशी महाग. त्यात आधीचा आजार अचानक बळावला तर खर्च मिळत होता, फक्त तो अर्जात लिहिलेला पाहिजे आणि डॉक्टरांचं पत्र सोबत पाहिजे. सगळ्यात शहाणी योजना तीच होती. पण ज्या बाईला आजारच नाही, तिच्यासाठी ती घ्यायची कशाला, म्हणून सगळे मलाच वेड्यात काढत होते.

"बरं बाई, टाकते नाही," मी तेजूला म्हटलं. "पासपोर्टचा नंबर तेवढा बघून घेते."

आत्ती बस्तीला गेल्या होत्या. पासपोर्ट त्यांच्या लोखंडी कपाटात, विजारीच्या कापडाच्या पिशवीत. मी पिशवी उघडली. पासपोर्ट निघाला, आणि त्याच्यासोबत एक मेडिकलचं बिल निघालं. श्री. आप्पासाहेब चौगुले. गोळ्या, तीस दिवसांच्या. तारीख दोन जानेवारी. वर्ष तेच, चालू.

मी दोनदा वाचलं. आप्पासाहेब चौगुले म्हणजे माझे सासरे. सहा वर्षांपूर्वी गेलेले. पिशवीत खाली आणखी बिलं होती. डिसेंबरचं, नोव्हेंबरचं, ऑक्टोबरचं. सगळी त्यांच्याच नावाची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, बिचाऱ्या आत्तींना हा मेडिकलवाला लुबाडतोय! एका म्हाताऱ्या बाईला मेलेल्या नवऱ्याच्या नावानं काहीतरी विकतोय, आणि आम्ही सगळे घरात असून आंधळे. लॅपटॉप तसाच टाकला, गॅस बंद केला, आणि पायात चपला सरकवून तडक चौकातल्या दुकानात.

"लाज नाही वाटत?" मी काउंटरवर बिलं आपटली. "मेलेल्या माणसाला गोळ्या विकता?"

दुकानात तीन माणसं होती. तिन्ही माझ्याकडे बघायला लागली. मेडिकलवाले शहा पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी चष्मा लावला, बिलं बघितली.

"ताई, काकू स्वतः येतात की. दर दोन तारखेला."

"कशाला?"

"गोळ्या न्यायला."

"कुणाच्या?"

"ते मी कसं सांगू? कागद काकांच्या नावचा आहे, म्हणून बिल काकांच्या नावानं करतो. मी एकदा म्हटलं होतं, काकू, नवीन कागद आणा. तर म्हणाल्या, हाच चालू दे." ते जरा वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "या गोळ्या बंद करायच्या नसतात ताई. रक्त पातळ ठेवायच्या आहेत या. पण मधेमधे रक्त तपासावं लागतं. काकू तपासतात का?"

मी पटकन बिलं गोळा केली आणि त्या तीन माणसांच्या नजरा पाठीवर घेऊन घरी आले.

आत्ती परत आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात मशीन मांडून झबल्याला बंद लावत बसल्या होत्या. मी बिलं मशीनवर ठेवली. त्यांनी बघितली, बाजूला केली आणि शिवत राहिल्या.

"कुणाच्या गोळ्या या, आत्ती?"

"जुनी बिलं हायत."

"जुनी? ही दोन तारखेची आहे. आज सोळा."

"शहाची चूक झाली असंल."

"शहाशी भांडून आलेय मी आत्ताच. चारचौघांत तोंडघशी पडलेय. आता मला खोटं सांगू नका."

मशीन थांबलं. आत्तींनी मान वर केली, आणि मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

"तुला मी जायलाच नको हाय न्हवं? पहिल्यापासनं बघतीया मी. हा अर्ज नको, तो अर्ज नको. ह्यात हे न्हाई, त्यात ते न्हाई. माझ्या लेकीचं बाळंतपण माझ्या हातनं व्हायला नको, असंच हाय तुझ्या मनात!"

हे मात्र मला लागलं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. माझी दोन्ही बाळंतपणं आत्तींनीच केली होती, स्वतःच्या हातानं शेक दिले होते, रात्री पोराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आणि तीच बाई मला हे म्हणत होती.

"बरोबर," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मीच वाईट. तुमची लेक म्हणते 'नाही' टाक. एजंट म्हणतो 'नाही' टाक. तुमचा मुलगा म्हणतो काहीही टाक. मीच एकटी मूर्ख, अकरा अकरा पानं वाचत बसलेय डोळे फोडून! कशाला? तुम्हाला तिथं काही झालं तर दवाखान्यानं तुम्हाला दारात ठेवू नये म्हणून! आता टाकते 'नाही'. तुमचं तुम्ही बघा."

आणि मी खरंच टेबलाशी गेले. चौदाव्या प्रश्नावर बोट नेलं.

"पद्मिनी," आत्ती मागून म्हणाल्या. "थांब."

मी वळले नाही.

"माझ्या हायत गोळ्या. पहिल्यापासनं माझ्याच."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता. तेजूच्या वेळी बाळंतपणात जीव जायची वेळ आली, तेव्हा कळलं की त्या तापानं हृदयातली एक झडप आवळली आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जन्मभराच्या. कारखान्याच्या दवाखान्यात औषध फुकट मिळायचं, पण ते कामगाराला. बायकापोरांना नाही.

"मग तुझ्या मामांनीच डॉक्टरला गळ घातली. माझ्या नावावर लिहा म्हणाले, नाहीतर बाई मरंल माझी. डॉक्टर भला माणूस. त्यानं लिवलं."

"आणि रक्त? दर महिन्याला तपासायचे ना मामांचं?"

"रक्त माझं. बाटलीवर नाव त्यांचं."

मी खुर्चीवर बसले. "म्हणजे मामांना काहीच नव्हतं?"

"धडधाकट हुते. डबा त्यांच्या उशाशी ठेवायचा, रात्री मी एक काढून घ्यायची. पोरांना बी सांगितलं न्हाई. पोरं शाळेत बोलून बसतील, कॉलनीत पसरंल, हे भ्याव. मग सवयच झाली." त्या थांबल्या. "त्येंना फोरमन करायचं चाललं हुतं एकदा. तवा वरनं लिवून आलं, हा हृदयाचा रोगी हाय, बॉयलरपाशी नको. हसले नुसते. मला म्हणाले, इंदू, तुझं दुखणं लई वजनदार हाय बघ."

आत्ती बोलताना हसायला गेल्या आणि थांबल्या. मला वाटलं, एवढंच असेल. नवऱ्याची बढती आपल्यामुळे गेली, म्हणून बाई आजवर गप्प राहिली. मी उठून त्यांच्यापाशी जाणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"मरताना बी तेच झालं."

"म्हणजे?"

"सकाळी दहाला कारखान्यात पडले. तोंड वाकडं, बोलणं बंद. जीपनं मिरजेला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, गाठ विरघळायचं इंजेक्शन हाय, आत्ताच्या आत्ता द्याय पायजे. पण माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असंल तर द्यायचं न्हाई, मेंदूत रक्त सुटतं. घेतात का, म्हणून इचारलं. श्रेणिक कारखान्याचं कार्ड घेऊन उभा हुता. त्यो म्हणाला, घेतात. रोज घेतात."



"आणि तुम्ही?"

"मी तिथंच हुते की."

"आत्ती!"

"लेबर ऑफिसर शेजारी उभा. कारखान्याचा डॉक्टर उभा, त्याचं तोंड पांढरं पडलेलं. माझ्याकडं बघत हुता, हात जोडल्यागत. मी बोलले तर त्याची नोकरी जाणार. तेवीस वरसांच्या औषधाची वसुली निघणार, फंड अडकणार, पेपरात नाव येणार. मला वाटलं, रक्त तपासायला न्हेलंय, त्यात कळंलच की. मी कशाला बोलू. मी पदर तोंडात धरला आन् उभी राहिले." त्यांनी झबलं उचललं, परत खाली ठेवलं. "रिपोर्ट यायला दोन तास लागले. डॉक्टर पळत आला, म्हणाला, रक्तात गोळीचा अंश न्हाई, ह्यो माणूस गोळ्या घेतच नव्हता. पण तवर वेळ टळून गेली हुती. श्रेणिक लई संतापला. आण्णांवर. मी त्याला बी काय बोलले न्हाई."

"इंजेक्शननं वाचले असते?"

"कुणाला ठावं? डॉक्टर म्हणाला, वाचते, न वाचते. चौथ्या दिवशी गेले."

मला राग येत होता, आणि कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. बाईवर काढावा, तर ती समोर मूठभर झालेली. नवऱ्यावर काढावा, तर त्यानं काय केलं होतं? कार्डावर जे लिहिलं होतं ते सांगितलं होतं. सहा वर्षं तो मेलेल्या बापाला हट्टी म्हणत होता आणि ही ऐकून घेत होती. तिच्या हातचं जेवून तो हे म्हणत होता. आणि मी मधे ताटं वाढत होते.

शेवटी मी म्हटलं, "आत्ती, मी 'नाही' टाकते. हे कुणाला कळायला नको. तुम्ही लेकीकडे जाऊन या. गोळ्या सोबत न्या, गुपचूप घ्या, मी तीन महिन्यांच्या आणून देते."

मी! जी अकरावं पान वाचणारी, ती मी हे म्हणत होते.

आत्तींनी मान हलवली. "न्हाई. टाकू नगंस."

"अहो पण नाहीतर डॉक्टरचं पत्र लागेल, तपासण्या लागतील. दिवस कुठं आहेत? आणि पत्र तुमच्या नावावर पाहिजे. तुमच्या नावाचा एक कागद नाही जगात!"

"तिथं मला काय झालं, तर दवाखान्यात कोण उभं राहील? तेजू. ओली बाळंतीण. तिला डॉक्टर इचारंल, आई कुठल्या गोळ्या घेते. ती काय सांगंल?"

माझी नजर चौदाव्या प्रश्नावर गेली.

"सांगंल, माझी आई ठणठणीत हाय, काय घेत न्हाई. बेधडक सांगंल." आत्तींनी डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एका लेकराच्या तोंडून वदवलं एकदा. दुसऱ्याच्या नको. कुठला डॉक्टर हाय बघ. आन् श्रेणिकला बी संगट घे."

"त्यांना कशाला?"

"घे म्हणते न्हवं."

दुसऱ्या दिवशी श्रेणिकला दुकानातून ओढून काढलं. "विम्यासाठी नुसती तपासणी आहे, त्यात मी काय करणार?" म्हणून वाटभर कुरकुरला. हृदयाच्या डॉक्टरांच्या दारात दीड तास ताटकळलो. काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्ती पुढे झाल्या. "इंदुमती आप्पासाहेब चौगुले. मीच पेशंट."

आत डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. परत लावली.

"आजी, औषध काय घेता?"

आत्तींनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"किती वर्षं?"

"एकोणतीस."

श्रेणिक पट्टीकडे बघत होता. "आई, या आण्णांच्या गोळ्या आहेत."

"न्हाई."

"अगं हेच नाव. मी लहानपणापासून बघतोय. आण्णांच्या आहेत या."

"माझ्या हायत, श्रेणिक. त्येंनी एक बी गोळी कधी घेतली न्हाई. घ्यायचं कारणच नव्हतं."

डॉक्टर आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. श्रेणिकचे ओठ हलत होते, वर्षं मोजत असल्यासारखे. मग त्यानं खुर्ची मागे सारली आणि बाहेर गेला. आत्ती जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टर पुढे विचारत गेले आणि त्या एकेक उत्तर देत गेल्या. दम लागतो का? लागतो. रात्री उशी उंच लागते? लागते. शेवटचं रक्त कधी तपासलं? आठवत नाही. हे सगळं मी त्यांच्या घरात राहून पहिल्यांदा ऐकत होते.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सरळ सांगितलं, "चार तारखेला विमानात बसायचं नाही. डोस पार चुकलाय. मी तो बसवून देतो, पाच आठवडे लागतील. मग पत्र देतो."

"पोरीची तारीख पंधरा फेब्रुवारी आहे," मी म्हटलं.

"मग पोरीला थांबायला सांगा," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

श्रेणिक खाली स्कूटरपाशी उभा होता. किल्ली हातात, पण लावलेली नाही.

"मी सांगितलं होतं, पद्मिनी," तो म्हणाला. "डॉक्टरनं विचारलं, घेतात का, आणि मी म्हटलं, रोज घेतात. मीच."

"तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"ती शेजारी उभी होती. माझ्या खांद्याला खांदा लावून."

"हो."

"आणि मी सहा वर्षं आण्णांना बोल लावतोय."

मी म्हटलं, "आत्तींना आत्ताच काही बोलू नका. घरी जाऊन बोला हवं तर. भांडा, ओरडा. पण इथं नको."

त्यानं किल्ली स्कूटरला लावली. मला वाटलं, आता हा स्कूटर काढून निघून जाणार आणि मला आत्तींना रिक्षानं न्यावं लागणार. पण तो वर गेला. मी मागोमाग गेले. आत्ती बाकावर बसल्या होत्या, दंडाला सुई टोचलेल्या जागी कापूस दाबून. श्रेणिक त्यांच्यासमोर थांबला. मग त्यानं त्यांच्या हाताखालचा कापूस आपल्या अंगठ्यानं दाबून धरला. "किती वेळ धरायचं म्हणाले?" एवढंच विचारलं.

घरी आल्यावर भांडणही झालं नाही. मी वाट बघत होते, पण झालं नाही. त्यानं लॅपटॉप ओढला, ती तिसरी योजना उघडली आणि चौदाव्या प्रश्नाला 'हो' टाकलं. खाली आजाराचं नाव विचारलं होतं. ते त्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून एकेक अक्षर बघून लिहिलं. तिकीट पुढे ढकललं.

तेजूला काय सांगायचं हा प्रश्न होता. नवव्या महिन्यातल्या पोरीला आईचं हृदय फोनवर सांगायचं नाही, हे आत्तींचं म्हणणं. "मी गेल्यावर माझ्या तोंडानं सांगते. पत्र संगट असंल, गोळ्या तिच्या हातात देईन. पण आत्ता नको." मग आम्ही तिला सांगितलं की विम्याचे कागद अडकलेत. तेही अर्धं खरंच होतं.

पोरगा बारा तारखेलाच झाला. तेजू एकटी होती. तिचा नवरा कामावरून पोचेपर्यंत बाळ बाहेर आलेलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. आवाज बसलेला, पण धार तीच.

"झालं समाधान, वहिनी? चौदावा प्रश्न, चौदावा प्रश्न! एका टिकमार्कसाठी माझी आई आली नाही. इथं मला पाणी द्यायला माणूस नव्हतं. तुझी दोन्ही बाळंतपणं कुणी केली गं? माझ्या आईनंच ना? आणि माझ्या वेळेला तू कागद वाचत बसलीस!"

फोन स्पीकरवर होता. आत्ती पलंगावर बॅग भरत होत्या, वाकळ हातात तशीच राहिली. "तेजू," म्हणून त्यांनी हाक मारली, पण तेजूचं बोलणं चालूच होतं.

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. सहा वर्षांचं, एकोणतीस वर्षांचं, सगळं. मी श्वास घेतला. तेवढ्यात श्रेणिकनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तेजू, वहिनीला बोलू नकोस."

"का नको? तिच्यामुळं..."

"तिच्यामुळं नाही. अर्ज माझ्याकडं होता. तिनं केव्हाच भरून दिला होता, मी पाठवलाच नाही. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहिला. माझा आळस. बोल मला काय बोलायचं ते."

तिकडून ती बोलली. पाच मिनिटं बोलली, रडत रडत, काय वाट्टेल ते. त्यानं ऐकून घेतलं. आत्ती उठायला लागल्या, तर त्यानं हातानं बसा अशी खूण केली.

आत्ती मेलबर्नला पोचल्या त्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी. चार महिने राहिल्या. विमा वापरायची वेळ आली नाही. गोळ्यांचं त्यांनी तेजूला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पट्टी हातात देऊन, नाव पाठ करून घेतलं. मिरजेच्या दवाखान्यातलं आणि प्रवास खरा कशानं लांबला ते मात्र सांगितलं नाही. परत आल्यावर पाच वर्षं जगल्या, स्वतःच्या नावाच्या कागदावर औषध घेत.

तेजू दर दोन वर्षांनी येते. तिचा पोरगा आता दहा वर्षांचा झाला. पंगतीला बसलं की कुणीतरी त्याच्या जन्माची गोष्ट काढतं आणि तेजू सांगते, की दादाच्या आळशीपणामुळं आई वेळेवर आली नाही, आणि सगळे हसतात. श्रेणिक "हो, चुकलं माझं," म्हणतो आणि मला भात वाढायला सांगतो.